ओहमकार

ओंकारचं नाव बारशाला ओंकारच ठेवलं होतं. स्लाऊमधल्या आम्हा मराठी मंडळींत मात्र त्याला सगळे ओहमकार म्हणतात, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नाही. एका वर्षी गणपतीच्या वर्गणीच्या यादीत कुणीतरी तसंच लिहिलं, तर त्याने दहा पौंड जास्त दिले.

सुरुवात साधी होती. त्याला सिगारेट सोडायची होती. डॉक्टर, बायको आणि सिगारेटची किंमत असे तिघे एकदम मागे लागल्यावर त्याने वेप घेतला. पेनाएवढं यंत्र, आत एक तयार कॉइल, कॉइलमध्ये कापूस, कापसाला गोडसर द्रव. बटण दाबलं की तार तापते, द्रवाची वाफ होते. आठवड्याभरात ती कॉइल करपली. माणसाने नवी आणावी, घालावी, पुढे चालू लागावं. ओंकारने करपलेली कॉइल नेलकटरने फोडली, आत काय आहे ते पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हे तर मीपण करेन." मराठी माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं की त्या घराची रविवारची दुपार कायमची गेली असं समजावं.

आज त्याच्याकडे मिसळणाचा डबा आहे. तोच, सात वाट्यांचा, स्टीलचा, पण आत कॉइलच्या तारा. मोहरीच्या जागी कँथल, जिऱ्याच्या जागी नायक्रोम, हळदीच्या वाटीत 316 एल जातीची स्टेनलेस स्टीलची तार, मेथीच्या वाटीत एकेकाळी निकेल होतं. वहिनींची मोहरी पावभाजी मसाल्याच्या रिकाम्या बाटलीत राहते. हा डबा उघडून तो बसला की मागे तबला लावायला घेतलाय असं वाटतं, इतका वेळ सगळं नुसतं जुळवणं चालतं.

एकदा मी मुद्दाम शेवटपर्यंत बसलो. 26 गेजची कँथलची तार घेतली, म्हणजे 0.4 मिलिमीटर जाड. तीन मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे, एकाला एक खेटून. दोन्ही पाय खांबांत स्क्रूने आवळले, उरलेलं टोक कापलं. मीटर लावला: 0.8 ओहम. बॅटरी पूर्ण भरलेली, 4.2 व्होल्ट. "भागाकार कर," तो मला म्हणाला. मी मोबाइल काढेपर्यंत त्यानेच सांगितलं, "सव्वापाच अँपिअर. बावीस वॅट." 1827 साली गेओर्ग ओहमने हा नियम छापला, तेव्हा तो कुणाच्या तरी फुप्फुसासाठी वापरला जाईल असं त्याच्या मनातही नसेल. पण ओंकार त्याचं नाव आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांचं घेतात तसं घेतो, आणि एका बाबतीत तो खरोखरच कडक आहे. बॅटरीला झेपणार नाही इतका कमी ओहम तो कधीच करत नाही. करणाऱ्यांची नावं काढली की कानाला हात लावतो.

मग कोरडी कॉइल तापवायची. ती मधून लाल व्हायला हवी आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी पसरायला हवी. पसरली नाही. डावीकडचा वेढा आधी पेटला. ओंकारने चिनी मातीच्या टोकांचा चिमटा घेतला (लोखंडी घेतला तर तार तापवताना शॉर्ट होतं) आणि तापल्या कॉइलला अलगद दाबत, कुरवाळत राहिला. आपल्या मुलीच्या वेण्या घालताना त्याने इतका हळुवारपणा दाखवल्याचं वहिनींना आठवत नाही. शेवटी ती मधून लाल झाली. मग कापूस. पायजम्यात नाडी घालावी तसा तो वेढ्यांतून ओढायचा. ओढताना कॉइल किंचित हलली पाहिजे, वाकली नाही पाहिजे. टोकं कापायची, पिंजायची, खाली बसवायची, वर द्रवाचे थेंब टाकायचे. बटण दाबल्यावर फोडणीसारखा चर्र आवाज आला. एक तास दहा मिनिटं झाली होती.

ओंकारने पहिला झुरका घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसऱ्याला कपाळावर आठी आली. "मागून जरा अडतंय," म्हणाला, आणि स्क्रू सैल करायला घेतला.

चौथा झुरका मी आजवर पाहिलेला नाही. वहिनींचं म्हणणं, ह्यांची सिगारेट वेपने सुटलीच नाही. यंत्र सदा टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि दोन्ही हातांत चिमटे असतात, म्हणून सुटली.

तारांची त्याची मतं बदलतात, पण बोलण्यातला ठामपणा बदलत नाही. मध्यंतरी निकेलचं पर्व आलं. निकेल, टायटॅनियम, स्टील या तारा तापतील तसा त्यांचा अवरोध वाढतो. त्यावरून यंत्राला तापमान कळतं आणि कापूस करपायच्या आत ते वीज आवरतं. कँथल मात्र तापो वा निवो, अवरोध जवळजवळ तिथेच. "स्थितप्रज्ञ आहे रे, पण उपयोग काय?" असं म्हणून त्याने कँथल माळ्यावर टाकली. दोन महिन्यांनी निकेल फार मऊ, हात लावला की आकार बिघडतो, म्हणून कँथल सन्मानाने परत आली. तोवर त्याला क्लॅप्टन कॉइल कळली होती. जाड तारेवर बारीक तार गुंडाळायची, गिटारच्या खर्जाच्या तारेसारखी, म्हणून एरिक क्लॅप्टनचं नाव. ती गुंडाळायला एका टोकाला ड्रिल आणि दुसऱ्या टोकाला मासेमारीच्या गळाची फिरकी लागते. त्यामुळे सात पिढ्यांत कुणी मासा न खाल्लेल्या घरातला हा माणूस दर महिन्याला मासेमारीच्या दुकानात दिसू लागला. दुकानदाराने एकदा विचारलं, काय काय गावतं? ओंकारने खरं सांगितलं. त्यानंतर तो दुकानदार फार बोलत नाही.

लोकांच्या घरी गेला तरी हा टोस्टरपाशी उभा असतो, आत वाकून. ब्रेड जळून जातो, पण तार नायक्रोमची आहे की कँथलची हे कळतं. वापरा-फेका वेपवाल्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. 1 जून 2025 पासून इंग्लंडात त्या यंत्रांच्या विक्रीवर बंदी आली, त्या दिवशी त्याने साउथहॉलहून पेढे आणून वाटले. आणि कुणी "धूर कमी कर" म्हटलं की तो दर वेळी थांबून सांगतो, "धूर नाही. वाफ." ही दुरुस्ती तो त्या वाफेच्या आतून करतो, त्यामुळे बोलतोय कोण ते नीट दिसत नाही.

भारतात 2019 पासून ई-सिगारेटवर बंदी आहे. डबा घेऊन जाता येत नाही, आणि डब्याशिवाय तीन आठवडे यवतमाळला करायचं काय? तेव्हा या वर्षी आईलाच इकडे बोलावलं, असं वहिनी सांगतात. ओंकार वेगळं कारण सांगतो.

आई आल्या त्या चिवडा, मेतकूट आणि वातींसाठी घरचा कापूस घेऊन. दुपारी त्या सोफ्यावर मांडीवर वाती वळत बसत, समोर हा. दोघांची मान एकाच कोनात.

"काय करून राह्यला रे बाप्पा?"

ओंकारने केशाकर्षण समजावलं. जपानी कापूस समजावला, चौकोनी घड्यांचा, धुतलेला, पाकिटातला. त्याआधी लोक काचेच्या दोऱ्याची वात घालत, स्टीलच्या जाळीची घालत, हे सांगितलं. जास्त भरला तर द्रव चढत नाही आणि करपतं, कमी भरला तर गळतं, हे आपल्याला दोन वर्षांनी उमगल्याचंही सांगितलं.

"वात घट्ट वळली तं तेल चढत नाही, सैल वळली तं काजळी धरते," आई म्हणाल्या. "याले दोन वर्सं लागली?"

मग त्यांनी तो जपानी कापूस बोटांत धरून पाहिला आणि किंमत विचारली. ओंकारने पौंडात सांगितली. त्यांनी मनात गुणाकार केला असावा, कारण पुढची पाच मिनिटं त्या बोलल्या नाहीत. यवतमाळात ज्यांच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला, त्यांचा मुलगा पाकिटातून मोजून चिमूटभर कापूस काढत होता.

त्या रात्री घरचा कापूस कॉइलमध्ये गेला आणि द्रव त्याच्यावर मोत्यासारखा थबकला. आत जाईना. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणचट थर असतो. तो तेल आनंदाने पितो, पाण्याशी मिसळणारं काही घेत नाही, म्हणून तर समईत चालतो. पहाटे दोनला ओंकारचा मला फोन: तो थर सोड्याच्या पाण्यात उकळून काढता येतो. "यवतमाळ ऑरगॅनिक," तो म्हणाला. आवाज भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या. ओंकार ओट्यापाशी चिमटा घेऊन उभा, आई देवापाशी. तेवढ्यात वहिनी ऑफिसातून आल्या, पर्स ठेवली, हात धुतले, ताट घेतलं, म्हणाल्या, "बरं झालं कुणीतरी कुकर लावलात, भूक लागली होती," आणि झाकण काढलं. वरच्या डब्यात पांढरंशुभ्र, मऊ, वाफाळतं काहीतरी होतं. त्यांनी भातवाढी घातली, वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. डब्याचं ॲल्युमिनियम सोड्याने काळं पडलं होतं.

"भावजी," त्या माझ्याकडे वळून फार शांतपणे म्हणाल्या, "खालच्या डब्यात वरण आहे ना?"

मी ओंकारकडे पाहिलं. खालच्या डब्यात जुन्या कॉइली स्वच्छ व्हायला टाकल्या होत्या.