काच बदलण्याआधी पाळायची पथ्यं

गाडीची पुढची काच बदलायला किती खर्च येतो असं विचारलं, तर हातकणंगल्यातला जाणता माणूस आकडा सांगत नाही. तो उलट विचारतो, "फुटून किती दिवस झाले?"

खर्च त्यावरच ठरतो. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर चोकाक-हेर्ल्याच्या आसपास खडीच्या डंपरमागं लागलं की कधीतरी 'टक्' होतं आणि काचेवर रुपयाच्या नाण्याहून लहान चांदणी उमटते. भित्रा माणूस त्याच आठवड्यात कुठंतरी जाऊन त्यात रेझिन भरून घेतो. इंजेक्शन दिल्यासारखं ते भेगेत सोडतात, अतिनील दिव्यानं कडक करतात, आणि काही शेकड्यांत विषय संपतो. असा विषय संपवू नये. काच बदलण्याचं भाग्य मग कधी लाभायचं?

त्यापेक्षा चांदणी आधी सगळ्यांना दाखवावी. चहाच्या गाड्यावर, सोसायटीच्या दारात, पाहुण्यांच्यात. बघणाऱ्यानं तिच्यावरून बोट फिरवलंच पाहिजे. बोटाचा तेलकटपणा आणि धूळ आत गेली की रेझिन पुढं नीट धरत नाही. एकजण फेव्हिक्विक सुचवेल, दुसरा नेलपॉलिश. दोन्ही लावावं. (साधी चिकटपट्टी लावून धूळ-पाणी अडवा म्हणणारा एखादा शहाणा भेटतो. त्याला चहा पाजून वाटेला लावावा.) मग एप्रिलातल्या एखाद्या दुपारी गाडी तीन तास उन्हात ठेवावी आणि बसल्याबसल्या एसीचा सगळा झोत काचेवर सोडावा. बाहेरून तापलेली, आतून गारठलेली काच एका बाजूनं फुगू बघते, दुसऱ्या बाजूनं आखडते, आणि चांदणीतून तडा निघतो. तो सरळ जात नाही. आपल्या गल्लीच्या रस्त्यासारखा वळणं घेत जातो.

तरीही काच खाली पडत नाही, हाच खरा घात. बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात, फुटल्या की त्यांचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात आणि माणूस झक मारत गॅरेजला जातो. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पातळ पडदा. एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून 1903 साली काचेचा चंबू पडला; फुटला, पण विखुरला नाही, कारण आतून नायट्रोसेल्युलोजचा थर वाळलेला होता. 1909 साली त्यानं पेटंट घेतलं. त्याच्या त्या चंबूच्या पुण्याईवर आपण तडा गेलेली काच दोन दोन पावसाळे वापरतो.

तडा स्टिअरिंगसमोर आला की भावांची चौकशी सुरू करावी. माझ्या छोट्या गाडीला इचलकरंजीत चार हजार सांगितले, शिरोलीत साडेचार, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं साडेनऊ. फरक कशाचा, तर म्हणे कोपऱ्यातल्या शिक्क्याचा. शिक्का सेंट गोबेनचा असेल तर मान द्यावाच लागतो. ती कंपनी फ्रान्सच्या राजानं 1665 साली काढली, म्हणजे पुरंदरच्या तहाच्या वर्षी. तेव्हाही आपण तेवीस किल्ले दिलेच होते, साडेनऊ हजारांचं काय एवढं? मेव्हण्याच्या नव्या गाडीत काचेमागं कॅमेरा आहे. काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि त्या बिलाविषयी तो बहिणीसमोर बोलत नाही.

घासाघीस करताना इतिहास काढावा. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा केला आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावात काचेचा अख्खा कारखाना उभा राहिला, हे मी शिरोलीच्या दुकानदाराला सविस्तर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, चहा मागवला, आणि पेस्टिंगचे पाचशे वेगळे धरले.

इथं कुणीतरी "इन्शुरन्स हाय की!" म्हणतंच. जरूर क्लेम करावा. नुसता थर्ड पार्टी असेल तर प्रश्नच मिटला, काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, हे खरं. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपले, तेही ठीक. पण पाच वर्षं जपलेला पन्नास टक्क्यांचा नो क्लेम बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशा पायऱ्या चढत यावं लागतं. पाच वर्षांत हुकलेली सूट जोडली तर स्वतःच्या गाडीपुरत्या हप्त्याच्या सव्वापट भरते. तो हप्ता आठ हजारांचा धरला तर चार हजारांच्या काचेपायी दहा हजार गेले. एवढा हिशेब माझ्या एजंटनंही केला नव्हता. मी केला, पण क्लेम टाकल्यावर.

बसवण्याच्या दिवशी मिस्त्रीजवळच उभं राहावं. जुन्या जीपला रबराची बीडिंग असायची; खाचेत सुतळी घालून ती आतून ओढत काच बसवायचे, ते बघायला गर्दी व्हायची. आता दोघंजण तारेनं जुनी पेस्ट कापतात, नवी लावतात, आणि सांगतात की काही तास गाडी हलवू नका, खिडक्या बोटभर खाली ठेवा, दार आपटू नका. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ओल्या पेस्टवरच्या काचेला धक्का देते. हे सगळं घरच्यांना सांगावं. त्यानंतर येणारा पहिला माणूस दार आपटतोच.

फास्टॅग जुन्या काचेबरोबर गेला, हे पुण्याला निघाल्यावर किणी नाक्यावर आठवतं. हातकणंगले तालुक्यातच असला तरी नाका आपल्याला ओळखत नाही; फेब्रुवारी 2021 पासून टॅग नसेल तर दुप्पट. नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयनं दिले तर सव्वापटीवर भागतं. म्हणजे फोन चार्ज करून निघावं. रेडियमवाल्याचे वेगळे, कारण वरच्या पट्टीवरचं 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' नव्या काचेवर पुन्हा घालावं लागतं, आणि तिथं घासाघीस करत नसतात.

शेवटी मिस्त्री विचारतो, "काका, जुनी काच न्हेताय काय?" हो म्हणावं. माझी आता गोठ्याच्या खिडकीला आहे. म्हशीला चांगभलं उलटं दिसतं, पण तिची तक्रार नाही. तडा अजून वाढतोय.