पातेल्याला छप्पर

रोहिणखेडला इतिहासात दोन लढाया झाल्या. १४३७ मध्ये बहमनी फौजेनं खानदेशच्या नासिरखानाला इथं हरवलं, १५९० च्या सुमारास निजामशाहीच्या गादीचा तंटा इथंच तुटला. तिसरी लढाई आमच्या हायस्कुलात रोज मधल्या सुट्टीत व्हायची, कडुनिंबाच्या सावलीसाठी. गॅझेटियरनं तिची दखल घेतली नाही.

झाड एक आणि पोरं दोनशे. त्यात सावली एका जागी थांबायची नाही. सावलीत डबा उघडणारा पोरगा भाकरी संपेपर्यंत उन्हात आलेला असे. म्हणून आम्ही बसल्या बसल्या सरकत जेवायचो. सुट्टी संपेपर्यंत माझा ठेचा माझ्यापासून चार माणसं लांब गेलेला असायचा. मुलींचं वेगळंच. त्या वर्गाचं दार लोटून जेवत. दहावी झालो, पण वर्गातल्या एकाही मुलीला घास घेताना पाहिलं नव्हतं.

सरकारनं विचार केला नाही असं नाही. २००६-०७ पासून शाळाशाळांतून पोषण आहाराच्या किचन शेडला साठ-साठ हजार रुपये मंजूर होऊ लागले. म्हणजे पातेल्याला छप्पर मिळालं, खाणाऱ्याला आभाळ होतंच. सहावी ते आठवीच्या पोराला दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ, सातशे कॅलरी, वीस ग्रॅम प्रथिनं, सगळं मोजून. नववीत गेलं की भूकच लागत नाही, असा बहुधा योजनेचा समज.

शेवटी आम्ही माजी विद्यार्थ्यांनी पोरांना जेवायला शेड उभारायची म्हणून वर्गणी काढली. मी खजिनदार, कारण त्या बैठकीला मी उशिरा पोहोचलो. पहिले तीन रविवार नावातच गेले. कुणाला ‘भोजनगृह’ हवं होतं, कुणाला ‘अन्नपूर्णा कक्ष’. एक निवृत्त गुरुजी ‘बहुउद्देशीय सभामंडप’वर अडले, बहुउद्देशीय म्हटलं की देणगीदाराचा हात सैल सुटतो, हा त्यांचा अनुभव. वेल्डिंगवाला ऐकून ऐकून कंटाळला. म्हणाला, “भाऊ, नाव काहीबी ठिवा, बिल मी शेडचंच फाडतो.”

गावात १५८२ ची दगडी मशीद आहे, तिच्यापुढे आमचे पत्रे म्हणजे पोरखेळ. तरी उभे राहिले. पहिल्याच दिवशी मुलींनी डबे आणून मधली जागा धरली. पोरं मात्र निंबाखालीच, मानापमान सांभाळत, उन्हात सरकत.

उद्घाटन मृगात निघालं. पाहुणे बोलायला उठले आणि पाऊस कोसळला. पोरं झाड सोडून आत घुसली. पत्र्यावर असा कडकडाट की शेजारच्याचं शेजाऱ्याला ऐकू येईना. पाहुणे पंचवीस मिनिटं बोलले. गावात इतकं निर्विघ्न भाषण कुणाचं झालं नसेल.

तोवर इकडे डबे उघडले होते. समोरच्या रांगेतल्या एका मुलीनं माझ्या पुतण्याकडे बघून जीभ बाहेर काढली, तिच्यावर हातानं वारा घातला आणि भुवया उडवल्या. त्यानं ठेच्याची डबी पुढे सरकवली.