लाख कुठं झालेत?

मराठवाड्यात दर घराण्यात एक इंडिकावाले मामा असतात. नांदेडला ते मामा, लातूरला काका, एवढाच फरक. 1998 साली आलेली ही गाडी कंपनीनं 2018 साली बंद केली, हे कुणी सांगितलं की मामा म्हणतात, "कंपनीनं केली असंल, आपण कुठं केली?"

गाडीवर मामांचा भारी जीव. फक्त तो दिसणाऱ्या भागांवर. शनिवारी ताजं लिंबू-मिरची, दिवाळीला नवे सीटकव्हर. अल्टरनेटरचा पट्टा किंचाळला की मामा त्याच दिवशी बदलतात, कारण गल्ली ऐकते. टायमिंग बेल्ट मात्र झाकणाआड असतो आणि ओरडत नाही. खालचा क्रँक दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकदा फिरवायचा आणि व्हॉल्व्हची वेळेवर उघडझाप करवायची, हे काम तो तुटेपर्यंत मुकाट करतो. न ओरडणाऱ्यावर खर्च करायची मामांच्या घरात पद्धत नाही.

मिस्त्री दर सर्व्हिसिंगला म्हणतो, "मामा, औंदा बेल्ट टाकून घ्या." मामा मीटरवर बोट ठेवतात. "लाख कुठं झालेत?" मीटर 87,412 दाखवतं. ते बंद पडलं तेव्हाही एवढंच दाखवत होतं. मिस्त्री समजावतो : किलोमीटर राहू द्या, रबराचं वयही धरावं लागतं, त्यात आपल्याकडचं ऊन, त्यात ऑइल सील गळलं तर तेलानं पट्टा लवकर खराब होतो. मामा म्हणतात, "गाडी तर लिंबाखाली असतीय की!"

हेच मामा माळेगावच्या यात्रेत घोड्याचा जबडा उघडून दात बघतात आणि वय सांगतात. घ्यायचं काहीच नसतं. पण विकणाऱ्यानं सांगितलेल्या वयावर त्यांचा विश्वास नसतो. स्वतःच्या मीटरवर मात्र असतो. बेल्टलाही दात असतात, ते बघायची बुद्धी मामांना होत नाही.

असा बेल्ट तुटतो तो नेमका यात्रेहून परतताना, लोह्याच्या अलीकडं. गाडी गपकन बंद पडते. मामा सेल्फ मारतात, पुन्हा मारतात, सोबतचे "ढकला की" म्हणतात आणि दहा जण ढकलतात. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा जेमतेम. ताळ सुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. जे वाकायचं राहिलं असेल, ते ढकलण्यात वाकतं. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, गॅस्केट टाका. बेल्टच्या कितीतरी पट बिल होतं.

त्यानंतर मामा लग्नाच्या पंगतीतही सांगतात, "बेल्ट वेळेवर बदलावा बघा." फक्त मिस्त्रीला हळूच विचारतात, "बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर जुनाच राहू द्या की, फिरतोय ना?"

मामांनी आता गाडी विकायला काढली आहे : एकहाती, 87,412 किलोमीटर. तुम्ही बघायला जाल, तर मीटर वाचू नका. बेल्ट आणि टेन्शनर बदलल्याचं बिल मागा. त्यावर तारीख बघा. बिल निघालं नाही, तर दोन्ही बदलायचे आहेत असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून आधीच कापा.