आतून करू

असा एक प्रत्येक सोसायटीत असतो. भाईंदर पूर्वेच्या आमच्या काकांचं रिक्षात बसल्यावर पहिलं वाक्य, "मेन रोड नको, आतून घे." ती गल्ली हटकून खोदलेली असते. चर्चगेटला जायचं तर आधी उलटे विरारला जातात आणि त्याच गाडीत आतल्या आत बसून येतात. मुलीचं स्थळसुद्धा त्यांना "आतून कळलं" होतं.

अशा माणसाच्या हाती लोक डेटाबेस देतात.

स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना, बिलिंग एसक्यूएल सर्व्हर २००० वर. एक जुनं टेबल उडवायचं होतं. दुसरं टेबल फॉरेन कीने त्याला बांधलेलं, म्हणून सर्व्हर नकार देत होता. आधी ती की काढायची, मग टेबल, एवढंच काम. काका म्हणाले, "कशाला फिरवाफिरवी? आतून करू." त्यांनी 'अलाऊ अपडेट्स' चालू केलं आणि थेट 'सिसऑब्जेक्ट्स'मधली ओळ डिलीट केली. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं, जमीन जागच्या जागी! 'सिसकॉलम्स'मध्ये त्या टेबलाचे रकाने तसेच, 'सिसइंडेक्सेस'मध्ये इंडेक्स तसेच, आणि दुसऱ्या टेबलाची की नसलेल्या मालकाचा पत्ता विचारत बसलेली. तपासणी चालवली तर लाल ओळींची ही रांग. रोजचा बॅकअप होता, पण त्यात हा घोळही इमानाने उतरलेला. सॉफ्टवेअरवाल्यांनी सिस्टिम टेबलला हात लावलाय म्हटल्यावर कोपरापासून हात जोडले.

२००५ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ती टेबलं आड केली. समोर नुसते व्ह्यू. 'अलाऊ अपडेट्स' नावाला राहिलं, चालू करा नाहीतर बंद करा, उपयोग शून्य. काकांनी हे फार मनाला लावून घेतलं. "माणसानं आत जायचं तरी कुठून?" त्यांचंही खरं म्हणा. खिडकीपुढच्या रांगेत उभं राहून कुठल्याही कचेरीत काम झालेलं या माणसाने जन्मात पाहिलेलं नाही.

कारखान्याचं शेवटी काय झालं? घोळाआधीचा एक जुना बॅकअप सापडला, तो चढवला. मधली बिलं पुन्हा भरायची होती. काका रात्र रात्र तिथे बसले, शेजारी कार्बन कॉप्यांचा गठ्ठा आणि थंड झालेली कटिंग. एका बोटाने एकेक बिल, सरळ समोरच्या स्क्रीनवरून, नंबराप्रमाणे. पैसा एक घेतला नाही. हे ते स्वतः कधी सांगणार नाहीत. मला आतून कळलं.