कळसूची अट

आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये कंबरेएवढी भिंत आहे. बांधली हद्दीसाठी, कामी आली टेकायला. तिच्या माथ्याचं प्लास्टर दोन जागी गुळगुळीत झालंय. एक जागा माझ्या कोपराची, एक काकूंच्या. महालक्ष्म्या उठल्या आणि काकू जावयाच्या गाडीत बसून मुंबईला लेकीकडे गेल्या, तेव्हापासून भिंत सुनीच पडली होती. काल सकाळी कपडे वाळत घालायला आले, तर काकू आपल्या जागेवर. पण उभ्या जरा तिरप्या.

"काय झालं काकू? पाय?"

"पाय कुठचे, माय! दोन खांब लावून आणले मुंबईहून. पायरी उतरायची म्हटलं का बसूनच उतरा लागते." मग मागं वळून दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "कळसूबाईले जाऊन आली म्या."

काकांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं की लेकीनं तिला कुठल्याशा मंदिरात नेलं. मंदिर खरंच आहे. फक्त ते 1646 मीटरवर, म्हणजे 5400 फुटांवर आहे, आणि महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. एवढं काकांनी सांगितलं नव्हतं.

आम्ही वाशीमची माणसं. काळी जमीन, सोयाबीन, तूर. डोंगर म्हटलं की डोळ्यांपुढे माहूर येतं, आणि तिथंही आम्ही रेणुकामातेच्या पायऱ्या मधे दोनदा टेकून चढतो. त्यामुळे मी बादली खाली ठेवली. कपडे काय, वाळतात.

"सुरुवातीपासून सांगा."

"सुरुवात गमतीचीच आहे. जाताना शेलूबाजारले समृद्धीवर चढलो. पोहे खाल्ले, झोप काढली. इगतपुरीजवळ त्या बोगद्यात शिरलो."

"आठ किलोमीटरचा आहे म्हणे."

"असन. माह्यी जपाची माळ झाली तरी संपून नाई रायला. आन् बाहेर निघाल्यावर पोरगी काय म्हणते? 'आई, कळसूबाई इथूनच जवळ आहे. पुढच्या रविवारी येऊ.' अवं, मंग मले इथंच उतरव ना! नाई. अगोदर मुंबईले जा, आठ दिवस तिच्या बिल्डिंगचे जिने चढ-उतर कर, आन् शनिवारी रात्री आल्या वाटेनं मागं ये. असा हिशोब."

"हिंडणाऱ्यांचा हिशोब असाच असतो, काकू. त्यांना मुंबईहूनच निघावं लागतं."

निघाल्या त्या शेवटच्या कसारा लोकलनं. काकूंना वाटलं होतं, मध्यरात्रीच्या गाडीत कोण असणार! तर डबा पोट्ट्या-पोट्ट्यांनी भरलेला. पाठीवर पिशव्या, पायात बूट, अर्धे दारातच पिशवीवर डोकं टाकून झोपलेले. कोणी कळसूबाईला, कोणी हरिश्चंद्रगडाला, कोणी रतनगडाला. आठवडाभर ऑफिसात खुर्चीवर बसायचं आणि सुट्टीच्या रात्री झोपायचं सोडून डोंगर चढायला निघायचं, हे काकूंना काही केल्या पटेना. कसाऱ्याला उतरून जीप, घाट, घोटीला चहा, तिथून भंडारदऱ्याच्या वाटेला लागून बारी. उजाडायच्या आधी गावात. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर.

"तिथं एका पोट्टीनं मले विचारलं, 'आंटी, तुम्ही खालीच थांबणार ना? खाली पण देवीचं मंदिर आहे.' गोड बोलली, बिचारी. पण ते 'आंटी' मले असं लागलं! म्या पदर खोचला. पातळाच्या आत नातवाची पँट घातलेलीच होती."

"नातवाची?"

"तर! हे नको सांगू कोणाले."

मी कोणाला सांगणार!

एवढ्यात मागच्या बाजूनं, शेवग्याखालून, मॅडमचा आवाज आला. मॅडम शाळेतून निवृत्त झाल्या, पण तास घेणं सुटलेलं नाही. त्यांचं कुंपण तारेचं. ऐकायला भिंतीपेक्षा सोयीचं.

"शिड्या आहेत ना हो तिथं? लोखंडी?"

"आहेत तर," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी दोन्ही हात भिंतीवर असे पक्के धरले की मला शिडीच दिसली. "वाट पहिलं शेतातून जाते, मंग झाडीतून. इथवर काई नाई. मंग एकदम कातळ उभा. त्याले लोखंडी शिडी टेकवलेली, बाजूले कठडा. रात्रीच्या दवानं लोखंड इतकं गार, का बोटं चिकटतात का काय! खाली पाहू नको म्हणत होते सगळे. म्या पाहिलं. पिवळी सोनकी फुललेली, दूरवर हळदच सांडल्यावानी, आन् तिच्या खाली नुसतं धुकं. पाय अडला. मागं पंधरा माणसं. वरून उतरणारे 'थांबा थांबा' म्हणतात, खालचे 'चला चला' म्हणतात. रविवार ना! वाशीमच्या बाजारात नाई एवढी गर्दी त्या शिडीवर."

"मग?"

"मंग एक बाई आली खालून. बारीचीच. डोक्यावर पाण्याचा कॅन, हातात काकड्यांची थैली, पायात स्लीपर, ते पण झिजलेले. मले म्हणे, 'आई, पायाकडे नको, पुढच्या दांडीकडे बघा. एक दांडी, मग दुसरी.' आन् माह्या बाजूनं, कठड्याच्या कडेकडेनं, गेली का वर! डोक्यावरचा कॅन हलला नाई. वरच्या टप्प्यावर तिची टपरी आहे. लिंबूपाणी, काकडी, भजे. पाणी सगळं अंगावर वाहून न्यायचं. म्या विचारलं, रोज चढते का? तर म्हणे, रविवारी दोनदा."

काकू थांबल्या. आम्हीही थांबलो. रविवारी दोनदा.

"तिच्या टपरीवर बसली म्या अर्धा घंटा. काकडीले मीठ-तिखट लावून दिलं तिनं. आन् कळसूची गोष्ट सांगितली. तुले माहीत आहे?"

मला माहीत नव्हती. मॅडमना असावी, पण त्या गप्प राहिल्या, हे विशेष.

"कळसू कोळ्याची पोर. हिंडायची लय आवड. हिंडत हिंडत त्या डोंगराखाली आली, इंदोरे गावात एका कोळ्याच्याच घरी कामाले राहिली. पण राहायच्या आधी अट घातली. सगळं काम करीन, पण भांडी घासणार नाई आन् केर काढणार नाई."

"अशी अट!" मी म्हणाले.

"अशी. आन् त्याइनं मानली. लय दिवस चाललं नीट. मंग एक दिवस घरातल्या कोणीतरी हुकूम केला, एवढी भांडी घास, एवढा केर काढ. आता सांग, तू काय केलं असतं?"

"भांडलं असतं."

"म्या पण. नाई तर रडलं असतं. कळसू भांडली नाई. तिनं भांडी घासली. केर काढला. हात धुतले, आन् डोंगर चढून गेली. परत खाली उतरलीच नाई मरेपर्यंत. जिथं भांडी घासली ते थाळेमेळ, जिथं केर टाकला तो काळदरा. नावं आहेत अजून." काकूंनी भिंतीवरचा शेवग्याचा पाला बोटानं झाडला. "ध्यानात घे. टाकून नाई गेली. घासून गेली. कोणाले बोलाले जागा नाई ठेवली."

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, काकूंच्या लग्नाला चाळीसच्या वर. बोलणीत आमच्याकडून अट एकच होती, मानपानाची. ती आमच्या वडिलांनी घातली होती, त्यांच्यासाठी. हे मी बोलले नाही. काकू तेच मनात म्हणत असाव्यात.

मॅडमना शांतता सोसत नाही. "आमच्या फुजीचं उलटं," त्या म्हणाल्या.

'आमचा फुजी' म्हणजे जपानचा. मॅडमचा भाचा टोकियोत असतो, आणि मॅडम जाऊन आल्यापासून गल्लीत फुजीची उंची कोणी झोपेतही चुकत नाही. 3776 मीटर. त्याही एका दिवसातच जाऊन आल्या होत्या. टोकियोहून बस, दोनेक तासांत कावागुची तळं, तळ्याकाठून फुजी बघायचा, संध्याकाळी परत. मोबाईलमधला फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तळं आहे, मॅडम आहेत, आणि मागं पांढरं आहे.

"दिसला का पण तुमचा फुजी?" काकूंनी मुद्दाम विचारलं.

"ढगात होता. पण तिथंच होता," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मी सांगत होते ते वेगळं. फुजीची देवताही स्त्रीच आहे, कोनोहानासाकुया-हिमे. पण बायकांना तो डोंगर माथ्यापर्यंत चढायला बंदी होती. सरकारनं ती 1872 मध्ये उठवली."

काकूंनी डोळे बारीक केले. "देवी बाई, आन् बायकांले बंदी?"

"हो."

"मंग वर जाये कोण?"

"पुरुष."

"म्हणूनच तोंड दाखवत नसन थे."

मॅडम इतक्या मोकळ्या हसल्या की शेवग्यावरची साळुंकी उडाली. शाळेत असत्या तर काकूंना पैकीच्या पैकी मिळाले असते.

"तुम्हाला तरी दिसलं का वरून?" मी विचारलं.

"साडेचार घंटे लागले चढाले. लेकरं पुढं निघून गेली, मंग परत खाली आली मले पाहाले. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. एवढ्या उंचावर विहीर! माथ्यावर मंदिर म्हणजे काय, आपल्या देवघराचा मोठा भाऊ. आत दोन-तीन माणसं मावतात. मले वाटलं होतं, एवढी मोठी डोंगराची मालकीण, मोठं मंदिर असन. नाई. वारा असा का पदर डोळ्यावर. चहूकडं धुकं. म्या मनात म्हटलं, झालं, आपला पण फुजीच झाला."

मॅडम काही बोलल्या नाहीत.

"कुंकू वाहिलं, ओटी भरली. बाहेर आली आन् एकदम फाटलं, बाई. दहा मिनिटं, जास्त नाई. खाली भंडारदऱ्याचं पाणी."

"विल्सन धरण. 1926," मॅडम.

"असन. तिकडे ते तीन डोंगर एका रांगेत."

"अलंग, मदन, कुलंग."

"तेच. पोट्ट्यांनी नावं सांगितली, म्या विसरली. सगळे डोंगर आपल्यापेक्षा खाली. जलमात पहिल्यांदा. घरचं धाब्याचं छत सोडलं तर म्या कशाच्या वर चढली होती? आन् खरं सांगू, देवाले काई मागायचं सुचलंच नाई. नवरात्र तोंडावर, घट बसायचे, सोयाबीन सोंगायचं, काई काई डोक्यात नाई. नुसती उभी राहिली. मंग परत धुकं आलं, आन् खाली उतरा लागलं. चढतानी छाती जाते, उतरतानी गुडघे. रात्री दहाले मी मुंबईत पलंगावर."

"म्हणजे एका दिवसात सगळं!"

"एका दिवसात. हे पाय मात्र दहा दिवसांचे."

इतक्यात काकूंच्या घरातून काकांची हाक आली. "अवं, चहाचं भांडं सापडून नाई रायलं!"

"मोरीत आहे!" काकूंनी तोंडही वळवलं नाही. "खरकटं आहे!"

आत थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"मोरीत बसता येत नाही तुम्हाला, नाही का?" मी म्हणाले. "गुडघे वाकत नसतील."

"कसे वाकतीन? डॉक्टरले दाखवले ना." काकू भिंतीवरून माझ्याकडे झुकल्या. "डॉक्टर म्हणे, चार दिवसांत मोकळे होतीन. घरी म्या दहा सांगितले."

"आज कितवा?"

"सातवा."

आतून नळाचा आवाज आला. मग घासणीचा. खसखस, खसखस, थांबून पुन्हा खसखस, स्टीलवर नखं ओढल्यासारखी. काकूंच्या कपाळाला एक आठी पडली. दुसरी पडली. कढ दाबावा तशा त्या ओठ मिटून उभ्या राहिल्या. शेवटी राहवलं नाही.

"बुडाले! बुडाले घासा, वरून काय घासून रायले!"

आणि तावातावानं घराकडे निघाल्या. तीन पावलं ताठ टाकली. चौथ्याला आठवलं, आणि तिथून दारापर्यंत काकू लंगडत गेल्या.