फिरायला आलेले फक्त आपण

समुद्रकिनाऱ्यावर रिकामटेकडा प्राणी एकच असतो, आणि तो चटई घेऊन येतो. वसई-विरार पट्ट्यात राहून मी हे मत पक्कं केलं आहे. भुईगाव, रानगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा अशी किनाऱ्यांची रांग दाराशी असल्यामुळे हिवाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांना खळ नसतो. रविवारी सकाळी विरार लोकलमधून अख्खं कुटुंब उतरतं, हातात बॅडमिंटनच्या रॅकेटी, थालीपिठांचा डबा आणि हल्ली गळ्यात दुर्बीणसुद्धा. मंडळी ‘निसर्गात’ आलेली असतात.

यंदा मेहुणा बायको-मुलांसह आला. राजोडीला सुरूच्या झाडांतून बाहेर पडल्या पडल्या त्याने विचारलं, “भावोजी, समुद्र कुठेय?”

समुद्र होता, पण पार लांब. सकाळचे दहा, पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाज निघतो हा आमच्याकडचा जुना हिशेब. पाचाची पाऊणपट पावणेचार, तेव्हा भरती. म्हणजे त्याच्या सहा तास आधी, दहाच्या सुमाराला पाणी पार ओसरलेलं. शिवाय भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. जन्मभर लोकलच्या वेळापत्रकावर काढलेल्या माणसाला हे ऐकून रविवारी बँकेचं शटर पाहिल्यासारखं झालं. त्याचं म्हणणं, एवढा मोठा समुद्र, सुट्टीच्या दिवशी तरी जागेवर नको?

पण खरं काम ओहोटीलाच चालतं. मी त्याला खाली बसवलं आणि वाळूकडे बोट दाखवलं. साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, हजारोंनी, बिळाच्या तोंडापासून चहूकडे रेघांनी मांडलेल्या. त्या करणारा खेकडा नखाएवढा. बिळातून बाहेर यायचं, दोन नांग्यांनी वाळू तोंडाशी न्यायची, कणांना चिकटलेलं डोळ्यांना न दिसणारं अन्न चाटूनपुसून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. मिनिटभर आम्ही पाहत होतो, तेवढ्यात त्याने केवढ्या तरी गोळ्या टाकल्या. आमची सावली हलली की सगळा कारखाना बिळात. भरती आली की सहा तासांची रांगोळी पुसली जाते, आणि पाणी उतरल्यावर हे पुन्हा पहिल्यापासून. मेहुणा म्हणाला, “याला साप्ताहिक सुट्टी?” नसावी.

पुढे कुरवांचा थवा बसला होता. लडाख-तिबेटच्या पठारावर, तलावांच्या काठी वीण उरकून हे पक्षी थंडीला आपल्या किनाऱ्यावर येतात. पुस्तकातल्या चित्रात त्यांचं डोकं तपकिरी असतं, पण तो रंग उन्हाळ्याचा. आमच्याकडे येतात तेव्हा डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक ठिपका उरलेला. त्यामुळे पुस्तक हातात धरून आलेला माणूस हमखास पंधरा मिनिटं वाद घालतो. शेजारच्या कुटुंबाने वादात न पडता थेट गाठ्या फेकायला सुरुवात केली. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याने इथे मासे नि किडे खायचे, तर त्याच्या पुढ्यात तेलकट फरसाण. मला हे मुळीच आवडत नाही, पण गाठ्यांची पिशवी रिकामी होईपर्यंत कोणी कोणाचं ऐकत नाही.

ज्या सुरूच्या सावलीत या चटया पडतात तो मुळात आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा. वाळू धरून ठेवायला किनाऱ्यावर लावलेला. तोही नोकरीवरच.

मग आम्ही अर्नाळ्याच्या बेटावर गेलो. वैतरणेच्या मुखाशी हे लहानसं बेट. बोट ओहोटीमुळे लांब उभी होती, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन चढलो. बोटीचा प्रवास जेमतेम, चपला हातात धरायचा सोहळा मोठा. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हे बेट घेतलं आणि पेशव्यांनी इथे नवा कोट बांधला. वसई पडली त्याच्या दोन वर्षांनंतर. दरवाज्यावर हत्ती कोरलेले आहेत. पण मला दरवाज्याहून आतली गंमत मोठी वाटते: चहूकडे खारं पाणी, आणि कोटात गोड्या पाण्याच्या विहिरी, त्यांच्यावर पिकणारी भाजी.

कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील टांगलेले होते, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने. मेहुणा दुर्बीण लावून घार शोधत तिथेच उभा राहिला.

“भाऊ, जरा बाजूला व्हा. सावली पडते बोंबलांवर,” बोंबील वाळवणाऱ्या मावशी म्हणाल्या.

मेहुणा बाजूला झाला. मावशींनी त्याच्याकडे, मग दुर्बिणीकडे पाहिलं. “पाखरंच बघता ना? मग ते कावळे हाका तेवढे. मी जेवून येते.” आणि काठी त्याच्या हातात देऊन त्या गेल्यासुद्धा.

बँकेत शाखा सांभाळणारा माणूस त्या काठीने पाऊण तास कावळे हाकत होता. घार येऊन गेली, त्याने मान वर केली नाही. बायको-मुलं किल्ला बघून परतली तरी हा हलेना. मावशी जेवून आल्या, बोंबील डोळ्यांनी मोजले, समाधानाने मान हलवली.

निघताना आम्ही सुके बोंबील घेतले. त्याला वाटलं, आता थोडं कमी करतील. मावशींनी भावात रुपयाही सोडला नाही.