शत्रूच चुकीचा निघाला

डिसेंबर 2004 मध्ये इराकच्या युद्धावर निघालेल्या एका अमेरिकी सैनिकाने कुवेतमध्ये संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना विचारलं, गाड्यांच्या चिलखतासाठी आम्ही भंगारातले पत्रे का धुंडाळायचे? उत्तराचा मथितार्थ असा, की आहे त्या सैन्यानिशीच युद्धावर जावं लागतं. पत्र्यांचं काय ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

एफ-22 हे लढाऊ विमान मात्र तयार होतं. रडारला चकवणारं, देखणं, डोळे पांढरे होतील अशा किमतीचं. अडचण एवढीच, की इराकमधल्या बंडखोरांकडे चकवण्याजोगं रडारच नव्हतं. ते आपले रस्त्याकडेला सुरुंग पुरत बसायचे. अशा अडाणी शत्रूपुढे विमानाने तरी काय करावं? 2008 उजाडलं तरी इराक किंवा अफगाणिस्तानात त्याने एकही मोहीम केली नव्हती. सुरुंग झेलणाऱ्या एमरॅप गाड्यांना अग्रक्रम मिळाला तो 2007 मध्ये, गेट्स संरक्षणमंत्री झाल्यावर. तसल्या गाड्या दक्षिण आफ्रिकेत सत्तरच्या दशकापासून धावत होत्या, पण असो.

विमानाचे सुटे भाग चाळीसहून अधिक राज्यांत बनायचे, म्हणजे तितक्या राज्यांचे सिनेटर त्याचे सख्खे मामा. 2009 मध्ये गेट्स यांनी 187 विमानांवर थांबायचं म्हटलं, तेव्हा सिनेटमध्ये 58 विरुद्ध 40 मतांनी हा गड सर झाला. बंडखोरी मोडण्याची नवी लष्करी पुस्तिका 2006 मध्येच निघाली होती. तिच्यात सिनेटवर प्रकरण नव्हतं.